मिठाचे पाणी, भाताचे बियाणे आणि कापणीचा दिवस : तोकियोशी योकोई यांची गोष्ट

दरवर्षी पेरणीच्या तोंडावर तुम्ही एक काम करता. बादलीत १० लिटर पाणी घेता, त्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवता आणि भाताचे बियाणे ओतून हलवता. पाणी स्थिर झाले की हलके दाणे वर तरंगतात. ते काढून टाकता. तळाचे बियाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत सुकवता आणि मग राबावर टाकता. ही शिफारस महाराष्ट्रातल्या भात पट्ट्यात, कोकणापासून भंडारा-गोंदियापर्यंत, इतकी रुजली आहे की तिच्यामागे कोणी माणूस असेल असे मनातही येत नाही.

त्या माणसाचे नाव तोकियोशी योकोई. जपानच्या फुकुओका प्रांतात १८८२ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, त्यांनी मिठाच्या पाण्याने बियाणे निवडण्याची पद्धत मोजमापासह मांडली. आज त्यांची गोष्ट तुम्हाला सांगतो आहे, त्याला कारण आहे. योकोई यांची बादली बियाण्याबद्दल एक गोष्ट अगदी अचूक सांगते आणि दुसरी मुळीच सांगत नाही. या दोन्ही गोष्टी ठरतात मात्र एकाच दिवशी. तो दिवस म्हणजे आदल्या हंगामातला कापणीचा दिवस.

सामुराईच्या घरातला मुलगा

योकोई यांचा जन्म १८६० मधला. क्यूशू हे जपानच्या चार मोठ्या बेटांपैकी सर्वांत दक्षिणेचे. तिथल्या कुमामोतो संस्थानात त्यांचे वडील सामुराई, म्हणजे लढवय्या सरदारवर्गातले होते. मुलगा आठ वर्षांचा असताना, १८६८ मध्ये, जपानची जुनी राजवट कोसळली आणि सम्राट मेइजी यांच्या नावाने नवे सरकार आले. पुढच्या काही वर्षांत संस्थाने गेली आणि सामुराईंचे वंशपरंपरागत वेतनही बंद झाले. तलवारीवर जगणाऱ्या घरांतल्या मुलांना आता शिकून पोट भरायचे होते.

कुमामोतो येथे १८७१ मध्ये पाश्चात्त्य शिक्षणाची एक शाळा निघाली. लीरॉय जेन्स नावाचे अमेरिकी सैन्यातले निवृत्त कॅप्टन तिथे सगळे विषय इंग्रजीतून शिकवत. योकोई या शाळेत शिकले. पुढे ते टोकियोला गेले आणि कोमाबा येथील नव्या सरकारी कृषी विद्यालयात दाखल झाले. १८८० मध्ये, विसाव्या वर्षी, त्यांनी तिथली पदवी घेतली. जपानमध्ये आधुनिक कृषिशास्त्र शिकून बाहेर पडलेल्या अगदी पहिल्या मुलांपैकी ते एक होते.

पुस्तक गव्हाचे, शेत भाताचे

कोमाबाची एक अडचण तुम्हाला लगेच समजेल. तिथले शिक्षक आधी इंग्लंडहून आणि नंतर जर्मनीहून आणलेले. रसायनशास्त्र, माती, खते यांत ते तयारीचे होते. पण त्यांची शेती म्हणजे गहू, बार्ली, गुरे आणि कुरणे. चिखलात उभे राहून रोपे लावायची, पाणी बांधायचे, ते सोडायचे, ही शेती त्यांनी केलेली नव्हती. म्हणून विद्यालयाने फुनात्सु देन्जिहेइ नावाच्या एका अनुभवी शेतकऱ्यालाही शिकवायला नेमले होते. त्या काळच्या जपानमध्ये अशा जाणत्या शेतकऱ्यांना 'रोनो' म्हणत. आपण ज्यांना जुने-जाणते म्हणतो, तेच हे.

विद्यालयात एकीकडे प्रयोगशाळा होती आणि दुसरीकडे मुरलेला शेतकरी. योकोई यांच्या पुढच्या सगळ्या कामात ही दोन टोके जोडण्याची धडपड दिसते.

फुकुओका, १८८२

पदवीनंतर काही काळ कोबे येथे शिक्षकी करून योकोई १८८२ मध्ये फुकुओकाच्या कृषी शाळेत आले. फुकुओका क्यूशू बेटावरच आहे आणि त्या वेळी जपानच्या भातशेतीत पुढारलेला प्रांत होता.

शेतकरी बियाणे निवडत नव्हते असे नाही. उफणणी करून फोल उडवून देत, साध्या पाण्यात टाकून तरंगणारे काढून टाकत. पण साध्या पाण्यात काय तरंगते? निव्वळ पोचट दाणा. ज्यात थोडा तरी तांदूळ भरला आहे तो दाणा साध्या पाण्यात बुडतो. अर्धा भरलेला आणि पूर्ण भरलेला, दोघेही एकाच तळाला जाऊन बसतात.

योकोई यांचा उपाय सोपा होता. पाणी जड करायचे. मीठ घालत गेले की पाण्याची घनता वाढते आणि अर्धवट भरलेला दाणाही वर येतो. मीठ किती घालायचे यावर चाळण किती बारीक ठेवायची ते ठरते. जपानी जातींसाठी त्यांच्या पद्धतीत साध्या भाताला १.१३ इतकी घनता धरली जाते. १० लिटर पाण्यात सुमारे २.१ किलो मीठ घातले की एवढी घनता येते. कुसळे असलेल्या आणि चिकट भाताच्या जातींना ती कमी ठेवतात. शेतकऱ्याकडे घनता मोजायचे यंत्र नसले तरी अडत नाही. ताजे अंडे साध्या पाण्यात बुडते. मीठ विरघळत गेले की ते वर येऊ लागते आणि १.१३ च्या पाण्यात आडवे होऊन तरंगते.

इथे एक सावधगिरी घ्या. आपली शिफारस १० लिटरला ३०० ग्रॅमची, म्हणजे ३ टक्के द्रावणाची आहे. त्या पाण्याची घनता जेमतेम १.०२ असते. जपानी भाताचा दाणा आखूड आणि गोल, आपल्या बहुतेक जातींचा लांबट, टरफलात थोडी हवा धरून ठेवणारा. हा लेख वाचून कोणी दोन किलो मीठ बादलीत टाकले तर चांगले बियाणेही वर येईल आणि फुकट जाईल. तत्त्व योकोई यांचे घ्या, प्रमाण आपल्या विद्यापीठाचे ठेवा.

तरंगणारा दाणा काय सांगतो

जड दाण्याचा एवढा आग्रह का? भाताच्या दाण्यात अंकुर अगदी छोटा असतो, बाकी सगळी शिदोरी. रोपाला साधारण तिसरे पान फुटेपर्यंत ते बऱ्याच अंशी या शिदोरीवर जगते. शिदोरी कमी असेल तर रोप बारीक आणि पिवळट राहते आणि लावणीनंतर उशिरा सावरते. दाण्यावर रोग असेल तरी तो अनेकदा नीट भरत नाही, म्हणून हलक्या दाण्यांबरोबर काही रोगट दाणेही निघून जातात.

आता तरंगणारा दाणा हातात घ्या आणि विचारा, हा भरला का नाही? कीड, करपा, पाण्याचा ताण, फुलोऱ्यातला पाऊस, अशी कारणे असतातच. पण बियाण्याच्या पिकात एक मोठे कारण आपल्या हातातले असते. कापणी लवकर झाली.

भाताची लोंबी एकदम पिकत नाही. फुलोरा टोकाकडून सुरू होतो आणि खाली सरकत जातो. एकाच लोंबीतली सगळी फुले उमलायला साधारण आठवडा लागतो. त्यात मुख्य फुटवा आधी निसवतो आणि उशिराचे फुटवे मागून येतात. त्यामुळे टोकाचा दाणा सोनेरी झालेला असतो तेव्हा बुडखाकडचा दाणा अजून चिकातून घट्ट होत असतो. त्या दिवशी विळा घातलात तर पुढचा दाणा भरलेला मिळेल आणि मागचा हिरवा, खडूसारखा पांढुरका, हलका. असा दाणा वाळताना जास्त आकसतो. त्याची उगवण सुरुवातीला बरी दिसली तरी साठवणीत तो लवकर दम टाकतो.

योकोई यांच्या पाण्यात तरंगतात त्यांतले बरेच हे घाईने कापलेले दाणे. लवकर कापणीची चूक बादली पकडते, तुमचे तेवढे बियाणे कमी होते, पण राब वाचतो.

जुन्या-जाणत्याशी मतभेद

योकोई फुकुओकात आले तेव्हा त्या प्रांतात एक नाव गाजत होते, हयाशी एनरी. हेही मूळचे सामुराई. वयाने योकोई यांच्यापेक्षा जवळजवळ तीस वर्षांनी मोठे आणि शेतीत मुरलेले. बियाण्याबद्दल त्यांची ठाम मते होती. भाताचे बी हिवाळ्यात थंड पाण्यात दीर्घकाळ भिजत ठेवावे किंवा मातीत पुरून ठेवावे, म्हणजे ते कणखर होते, असे ते सांगत. १८८३ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली आणि तिचे शिक्षक जपानभर पाठवले. शेतकरी त्यांचे ऐकत, कारण ते शेतकऱ्यांच्या भाषेत बोलत आणि शेतात करून दाखवत.

योकोई आणि त्यांच्यासारख्या शिकलेल्या तरुणांना बियाण्याची ही पद्धत पटली नाही. थंड पाण्याने बी का सुधारावे याला शास्त्रीय आधार दिसत नव्हता. पुढे हयाशी यांची बियाण्याची पद्धत मागे पडली आणि मिठाचे पाणी टिकले.

पण गोष्ट इथे संपवली तर हयाशी यांच्यावर अन्याय होईल. त्यांच्या शिक्षकांनी घोड्याच्या औताने खोल नांगरणी करण्याची फुकुओकाची पद्धत देशभर नेली आणि ती खरोखर उपयोगी ठरली. एकाच माणसाची एक शिकवण टिकली, दुसरी गळून पडली. आपल्या गावातल्या जाणत्या आजोबांचे ऐकतानाही हेच करायचे असते. माणसाला खरे किंवा खोटे ठरवायचे नाही, त्याची प्रत्येक गोष्ट शेतात तपासून घ्यायची.

बादलीमागे पोलीस

१८९१ मध्ये योकोई यांनी मुख्य पिकांच्या बियाण्याची मिठाच्या पाण्याने निवड या विषयावर पुस्तक काढले. तोवर ते टोकियोला गेले होते. कृषी व वाणिज्य मंत्रालयातली नोकरी त्यांनी फार काळ केली नाही. १८९४ मध्ये ते टोकियोच्या शाही विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात प्राध्यापक झाले.

त्यांची पद्धत मात्र सरकारने उचलून धरली. १९०३ मध्ये मंत्रालयाने शेती सुधारण्यासाठी १४ कलमांची यादी काढली. त्यात भात आणि गहूवर्गीय पिकांचे बियाणे मिठाच्या पाण्यात निवडणे हे पहिले कलम होते. सरळ ओळीत लावणी, आखीव वाफ्यांची रोपवाटिका अशी इतर कलमेही होती. कित्येक ठिकाणी या सुधारणा पोलिसांच्या धाकाने राबवल्या गेल्या. जपानी लोक त्या काळाला तलवारीच्या जोरावरची शेती म्हणून ओळखतात.

विस्तार कार्यकर्त्यांनी इथे जरा थांबावे. पद्धत चांगली होती आणि खर्चही मिठापुरता होता. तरीही सक्तीने आलेली गोष्ट माणूस हुकूम पाळल्यासारखी करतो, समजून करत नाही. समजून केली नाही की ती पद्धत कुठे लागू पडते आणि कुठे पडत नाही, हे त्याला कळत नाही. आपणही 'बीजप्रक्रिया केली का' एवढे विचारून वहीत खूण करतो, तेव्हा फार वेगळे वागत नाही.

बादलीला जे दिसत नाही

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावात मी मिठाच्या पाण्याचे प्रात्यक्षिक घेतले. एका शेतकऱ्याच्या घरच्या बियाण्यात तरंगणारे दाणे मूठभरसुद्धा निघाले नाहीत. मी सगळ्यांसमोर त्या बियाण्याची तारीफ केली. उगवण तपासली नाही. पंधरा दिवसांनी पाहतो तर त्याचा राब जागोजागी उघडा. रोपे शेजाऱ्यांकडून मागून लावणी करावी लागली आणि तीही उशिरा. नंतर विचारपूस केली तेव्हा कळले, भात पिकून दोन आठवडे शेतातच उभे होते. पाऊस थांबायची वाट पाहिली होती. मग ओलसर भारे तसेच उडवीत रचले गेले होते.

दाणा पूर्ण भरलेला होता, जड होता, म्हणून तळाशी बसला. पण आतला जीव कमकुवत झाला होता. मिठाचे पाणी वजन मोजते, जीव मोजत नाही.

दाणा भरून पूर्ण झाला की रोपाकडून त्याला येणारा पुरवठा थांबतो. त्या वेळी दाण्यात अजून बराच ओलावा असतो, साधारण ३० टक्क्यांच्या आसपास. त्यानंतर दाणा वाळू लागतो आणि थोड्याच दिवसांत बियाणे म्हणून सर्वांत जोमदार होतो. त्यानंतरही शेतात ठेवला तर तो झाडावरच म्हातारा होऊ लागतो. उन्हाने वाळतो, दवाने आणि पावसाने पुन्हा भिजतो. या वाळण्या-भिजण्यात आतल्या तांदळाला बारीक तडे जातात. असा दाणा मळणीचा मार सोसत नाही आणि अंकुराला इजा होते. पाऊस लांबला, पीक लोळले की काही जातींत लोंबीतच कोंब येतात. दाण्यावर बुरशीचे डाग पडतात. शिवाय झडलेले दाणे आणि पाखरांनी नेलेले वेगळेच.

लवकर कापलेला दाणा बहुधा हलका असतो, तो तरंगतो. उशिरा कापलेला, भिजून वाळलेला, उडवीत तापलेला दाणा जड असतो, तो बुडतो आणि चांगल्या बियाण्यात बेमालूम मिसळतो. त्याला पकडायला उगवण चाचणी लागते आणि टाळायला वेळेवर कापणी लागते.

कापणीचा दिवस कसा ठरवाल

बियाण्यासाठी राखलेल्या तुकड्यात या गोष्टी पाहा.

१. निसवण्याची तारीख लिहून ठेवा. शेतातल्या निम्म्या लोंब्या फुलोऱ्यात आल्या तो दिवस वहीत किंवा घरातल्या कॅलेंडरवर लिहा. तिथून साधारण ३० दिवसांनी शेतात फेरी सुरू करा. हळव्या जाती थोड्या आधी, गरव्या थोड्या उशिरा तयार होतात. जातीचा एकूण कालावधी हा अंदाज आहे, ती कापणीची तारीख नव्हे.

२. लोंबी पाहा, पाने नव्हे. काही जातींची पाने दाणा पिकला तरी हिरवी राहतात. शेताच्या वेगवेगळ्या भागांतून लोंब्या घ्या. लोंबीतले ८० ते ९० टक्के दाणे गवती पिवळे झाले असतील आणि फक्त बुडखाकडचे थोडे हिरवट असतील तर वेळ झाली. सगळेच्या सगळे दाणे पिवळे होण्याची वाट पाहू नका. तोवर टोकाचे उत्तम दाणे झडू लागलेले असतात.

३. ओलावा पाहा. आर्द्रतामापक मिळत असेल तर कापणीच्या वेळी दाण्यात २० ते २२ टक्के ओलावा योग्य. मापक नसेल तर दाणा सोलून नखाने दाबा. चीक किंवा पिठूळ मऊपणा राहिलेला नसावा, दाणा घट्ट लागला पाहिजे.

४. शेतातले पाणी आधी काढा. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी बांध फोडून पाणी सोडा. पीक एकसारखे पिकते आणि भारे चिखलात पडत नाहीत.

५. भेसळ आधी काढा. वेगळ्या उंचीची, वेगळ्या दाण्याची, आधी किंवा उशिरा निसवलेली झाडे कापणीपूर्वीच उपटा. बांधालगतच्या ओळी बियाण्यात घेऊ नका.

६. हवामानाचा अंदाज पाहून निर्णय घ्या. कोकणात हळवे भात तयार होते तेव्हा परतीचा पाऊस अनेकदा डोक्यावर असतो. ८० टक्के दाणे पिकले आहेत आणि दोन-तीन दिवस उघाड दिसते आहे, तर तेवढ्यात बियाण्याचा तुकडा कापून घ्या. बाकीचे शेत थांबू शकते, बियाणे थांबत नाही. मोठ्या पावसात मात्र कापून ठेवलेल्या पेंढ्या उभ्या पिकापेक्षा वाईट भिजतात, त्यामुळे झाकायची सोय असेल तरच विळा घाला.

कापले म्हणजे झाले नाही

बियाण्याचे भारे ओले असताना उडवीत रचू नका. आत ऊब धरते आणि दाण्याचा जीव तिथेच जातो. जपानमध्ये कापलेल्या पेंढ्या लाकडी मांडवावर टांगून वाळवण्याची जुनी रीत आहे, ती याच कारणाने. आपल्याकडे ताडपत्रीवर पातळ थर पसरून, वरचेवर हलवत वाळवा. ओले बियाणे कडक उन्हात एकदम तापवू नका, सकाळचे आणि उतरते ऊन चांगले. यंत्राने वाळवत असाल तर बियाण्याचे तापमान ४३ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका. मळणी यंत्राचा वेग नेहमीपेक्षा कमी ठेवा आणि आधीच्या जातीचे दाणे यंत्रातून पूर्ण काढून टाका.

साठवताना ओलावा १३ टक्क्यांपेक्षा जास्त नको. प्रमाणित बियाण्याचाही हाच निकष आहे. बियाणेशास्त्रातला एक ढोबळ नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे : साठवणीच्या नेहमीच्या मर्यादेत ओलावा एक टक्का कमी केला की बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. म्हणजे एक दिवस जास्त वाळवलेत तर ते वाया जात नाही.

आता उगवण चाचणी. नुकत्याच कापलेल्या भातात अनेक जातींना काही आठवडे सुप्तावस्था असते. लगेच चाचणी घेतली तर चांगले बीही उगवत नाही आणि उगाच घाबरायला होते. म्हणून पेरणीच्या महिनाभर आधी चाचणी घ्या. मिठाच्या पाण्यातून निवडलेले १०० दाणे ओल्या गोणपाटात ओळीने ठेवा, गुंडाळा, ओल टिकवा. साधारण आठ-दहा दिवसांत ८० किंवा त्याहून जास्त निरोगी कोंब आले तर बियाणे पेरण्याजोगे. त्याहून कमी आले तर दुसरे बियाणे शोधायला तुमच्या हातात अजून वेळ आहे. मी त्या गावात हे केले असते तर त्या शेतकऱ्याचा हंगाम वाचला असता.

शाळा जगवणारा प्राध्यापक

योकोई यांच्याकडे परत जाऊ. प्राध्यापक झाल्यावर ते १८९९ मध्ये अभ्यासासाठी जर्मनीला जाऊन आले. पण त्यांचा जीव गुंतला तो एका छोट्या, अडचणीत आलेल्या कृषी शाळेत. एनोमोतो ताकेआकी यांनी १८९१ मध्ये टोकियोत काढलेली ही शाळा पैशाअभावी चालवणे अवघड झाले होते. १८९७ मध्ये ती जपानच्या कृषी संघाकडे गेली आणि योकोई तिचे प्रमुख आधार बनले. १९११ मध्ये ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुढे १९२५ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आजचे टोकियो कृषी विद्यापीठ ते हेच.

शिकलेल्या मुलाने गाव सोडून कचेरीत बसावे, हे त्यांना नको होते. शिकून तयार झालेला माणूस शेताकडे परतला पाहिजे, असे त्यांनी आयुष्यभर सांगितले. कृषिशास्त्र भरभराटीला येईल आणि शेती मात्र मरेल, ही भीती त्यांना होती आणि ती त्यांनी स्वतःच्या पेशातल्या लोकांना बोलून दाखवली. त्यांची सगळीच मते आज पटतील असे नाही. शेतकरी हा देशाच्या सैन्याचाही कणा आहे, म्हणून शेती टिकवा, असा त्यांचा एक सूर होता. तो त्या काळाचा होता आणि त्या काळाबरोबर सोडून द्यावा असा आहे.

त्यांची एक शिकवण मात्र आजही त्यांच्या विद्यापीठात आठवली जाते. तिचा आशय साधा आहे. भाताबद्दल काही जाणून घ्यायचे असेल तर भातालाच विचारावे आणि शेतीबद्दल जाणून घ्यायचे असेल तर शेतकऱ्याला. परदेशी पुस्तकांवर वाढलेल्या, फुकुओकात जाणत्या शेतकऱ्याशी मतभेद झालेल्या आणि आपलीच पद्धत पोलिसांच्या धाकाने राबवली गेल्याच्या काळात जगलेल्या माणसाची ही शिकवण आहे. १ नोव्हेंबर १९२७ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. शेवटपर्यंत ते त्या विद्यापीठाचे प्रमुख होते.

यंदाच्या हंगामात

कापणीचा दिवस ठरवताना योकोई यांची हीच शिकवण कामी येते. तारीख पंचांगाला विचारू नका, शेजाऱ्याने विळा काढला म्हणून तुम्ही काढू नका, मजूर उद्या मोकळे आहेत एवढ्यावरही ठरवू नका. मजुरांची अडचण खरी आहे, ती मला माहीत आहे. म्हणूनच सगळ्या शेताचा विचार न करता बियाण्यापुरते चार-पाच गुंठे वेगळे राखा. तेवढे घरच्या माणसांनी एका दिवसात कापता येते. त्या तुकड्यात जा, दहा ठिकाणच्या लोंब्या हातात घ्या आणि टोकापासून बुडखापर्यंत पाहा. लोंबी तुम्हाला दिवस सांगेल.

मग पुढच्या वर्षी मिठाच्या पाण्याची बादली भरा. वर फार दाणे आले तर समजा, घाई झाली होती. वर काही आले नाही आणि गोणपाटात कोंबही कमी आले, तर उशीर झाला होता किंवा वाळवणीत हलगर्जी झाली होती. दोन्ही आकडे वहीत निसवण्याच्या तारखेखाली लिहून ठेवा. दोन-तीन हंगामांत तुमच्या जातीचा, तुमच्या शेताचा कापणीचा दिवस तुम्हालाच नेमका कळू लागेल.